पानाची खालची बाजू

“दिसलं का, मामा?”

“दिसलं की.”

“काय दिसलं?”

“केस. काळेभोर. हलतायत बग कसे.”

माझे सासरे, शिवगोंडा मगदूम, एक हात कमरेवर ठेवून सूक्ष्मदर्शकावर वाकले होते. त्यांना दिसत होते ते त्यांच्याच पापणीचे केस. पहिल्यांदा बघणाऱ्याचं असंच होतं. माझ्या नववीच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी पानाच्या छेदाऐवजी आपली पापणीच वहीत काढली होती, आणि मी पोट धरधरून हसले होते. इथं हसायची सोय नव्हती.

“पानात केस?” रामगोंडाकाका मागून म्हणाले. “मग झालंच की! बाईचा दोष हाय म्हणून पानच सांगतंय.”

जमलेल्यातले दोघंतिघं फिसकन हसले. माझे कान तापले. रविवारची सकाळ, मळ्याच्या तोंडाशी उपडी घातलेली करंडी, तिच्यावर हायस्कूलचा सूक्ष्मदर्शक आणि भोवती सासरचे पुरुष. चर्चा कशाची, तर गेल्या सोमवारी मला कावळा शिवला होता का नव्हता याची. मी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला. जमीन दुभंगावी नि पोटात घ्यावं असं वाटत होतं, पण पानमळ्याची जमीन, ती कसली दुभंगते!

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी इचलकरंजीची, वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. दिली ती मिरजेच्या पूर्वेला मळेवाडीत, पानमळेवाल्यांच्या घरात. “पानाफुलातच शिकलीस, पानातच पडलीस,” म्हणून मैत्रिणींनी चिडवून घेतलं होतं. गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची नोकरीही मिळाली. सासरे ‘नको’ म्हणाले नाहीत. ‘हो’ही म्हणाले नाहीत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेवढ्या म्हणाल्या, “जा. घरात दोन बायकांनी एकाच चुलीकडं बघत बसायचं कशाला?”

मळा सासऱ्यांचा आणि काकांचा सामाईक. काका त्यांचे चुलतभाऊ. उंच शेवरीच्या झाडांवर नागवेली चढवलेल्या, भर वैशाखातसुद्धा आत थंडगार हिरवा अंधार. मळ्याचे कायदे कडक. चप्पल बाहेर. तोंडाशी शेंदूर फासलेला नागोबाचा दगड, त्याला हात जोडल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि विटाळशी बाईनं आत यायचं नाही. तिची सावली पडली तरी वेल करपतो म्हणायचे. घरोघरच्या बाया महिन्याचे चार दिवस बाजूला बसायच्या आणि मळ्याची वाटसुद्धा टाळायच्या.

एकट्या आत्याबाईंना ती अडचण नव्हती. त्या ऐन तरुणपणीच ‘सुटल्या’ होत्या. त्यांची पाळी कधीच गेली होती, देवानंच मोकळं केलं, असं गावातल्या बाया हेव्यानं बोलायच्या. म्हणून नागोबाला पाणी घालायचा मान त्यांचा, आणि खुडणीचाही. अंगठ्यात लोखंडी नखी चढवून त्या वेलीखाली उभ्या राहिल्या की खुटखुट पान पडायचं, देठ एकसारखा, एक ओरखडा नाही. दोन पुरुषांचं काम त्या एकट्या उरकायच्या. मिरजेच्या बाजारात ‘मगदुमाचं पान’ म्हणून जे नाव होतं, ते त्या अंगठ्याचं होतं.

आता माझं काय झालं ते सांगते. शाळेत ‘पानाची अंतर्गत रचना’ हा धडा आला. मला मोठं ताजं पान हवं होतं. घरचाच मळा, म्हणून सोमवारी शाळेतून येता येता चप्पल काढली, नागोबाला हात जोडले, एक पान खुडलं आणि बाहेर आले. बाहेर काका उभे. ते माझ्या हातातल्या पानाकडे बघत राहिले.

आणि तीन-चार दिवसांतच मळ्यात ठिपके दिसले. आधी तेलाचा डाग पडावा तसे ओलसर, मग काळे, भोवती पिवळी कडा. पानं गळायला लागली. काका घरी येऊन ओसरीवर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही.

“दादा, मळ्यात विटाळ शिरलाय,” ते म्हणाले. “तुमची सून आत गेल्याली मी डोळ्यांनी बघितलीय. शाळेत जाणारी बाई. ती कधी बाजूला बसती, कधी न्हाई, कुणाला पत्ता?”

“बसती की,” सासरे म्हणाले खरे, पण आवाजात काही दम नव्हता.

“मग रविवारी नागोबापुढं तिला पान उचलू द्या. उचललं तर ठीक. न्हाई उचललं तर मळा सुधारेपर्यंत माहेरी धाडा. आणि ती शाळाबिळा बंद.”

पान उचलायचं म्हणजे मळ्यातलं पान तळहातावर घेऊन नागोबाच्या दगडासमोर शपथ घ्यायची. खोटी शपथ घेतली तर वंश बुडतो म्हणायचे. आमच्या ह्यांनी, चिदानंदांनी, बापाकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि उठून बैलांना वैरण टाकायला गेले. बैलांपुढं वैरण होतीच. मला त्यांचा इतका राग आला म्हणता! पण रात्री तेच हळू आवाजात म्हणाले, “तुझ्या शास्त्रात यावर काय असलं तर बघ. शाळेतलं ते यंत्र मी सायकलवरनं आणतो.” तेवढ्यावर मी विरघळले.

म्हणून तो रविवार. म्हणून ती पापणी.

“मामा, डोळा जरा मागं घ्या,” मी म्हटलं. “नळीला चिकटवू नका.”

“कशाला आता?” काका म्हणाले. “ते भिंग पोरांच्या खेळातलं. तू पान उचल.”

“काका, एकदा ऐकून तरी घ्या. मग उचलते.”

माझे हात वर्गातल्यासारखे चालत होते. बटाट्याला खाच पाडली, ठिपक्याच्या कडेचा पानाचा तुकडा त्यात उभा अडकवला आणि पात्यानं चकत्या काढल्या. इतक्या पातळ, की पाण्याच्या थेंबात सोडल्यावर शोधाव्या लागल्या. त्यातली सगळ्यांत पातळ काचेवर घेऊन भिंगाखाली सरकवली.

“पान आपल्याला सपाट दिसतं,” मी म्हटलं. “पण आत घरासारखं असतं. वर मेणाचं छप्पर, पाणी आत येऊ नये म्हणून. त्याखाली लांबट पेशी खांबासारख्या दाटीनं उभ्या. ऊन तिथं पडतं, अन्न तिथं शिजतं. त्याखाली मोकळी जागा, पडवीसारखी, हवा खेळायला. शिरा असतात त्यातनं मुळाकडचं पाणी येतं आणि शिजलेलं अन्न सगळ्या वेलाला जातं. आणि खालच्या बाजूला बारीक बारीक तोंडं. दिवसा ती उघडतात, हवा आत घेतात, वाफ बाहेर सोडतात.”

“तोंडं?” काका म्हणाले. “मग बोलतंय का न्हाई पान? इचार की त्यालाच, कोण आलं हुतं म्हणून!”

परत हसणं. या वेळी सासरेही हसले. मी रेटून बोलत राहिले.

“पान ओलं राहिलं की रोगाचे जंतू त्याच तोंडातून आत शिरतात. नखीनं देठ कापतो, त्या जखमेतूनही शिरतात. एका वेलाची नखी दुसऱ्या वेलाला, दुसऱ्याची तिसऱ्याला. ते बाईच्या सावलीनं येत नाहीत, काका. मला एवढंच सांगा, ठिपके आधी कुठल्या ओळीत दिसले?”

आमचे हे, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत, पहिल्यांदाच बोलले. “नव्या बेण्याच्या.”

लावणीच्या वेलांचं ते बेणं काकांनी आणलं होतं. लांबच्या गावाहून, स्वस्त मिळालं म्हणून, कुणाला न विचारता. काकांचं तोंड लालबुंद झालं.

“म्हणजे रोग मी आणला? चोराच्या उलट्या बोंबा! आम्ही ह्या मळ्यात जन्म काढला, आणि काल आलेली पोरगी काचा दाखवून आमास्नी शिकवणार? दादा, सांगा तुमच्या सुनेला. पान उचल म्हणावं, न्हाईतर आत्ताच्या आत्ता पिशवी भरून एसटीत बसवा.”

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “उचल, बाळ,” ते म्हणाले. “एकदा मिटवून टाक.”

त्यांनी ‘बाळ’ म्हटलं आणि माझा सगळा ताठा गेला. डोळ्यांपुढं माहेरचं दार आलं. ‘का आलीस?’ म्हणणारी आई आली. मुख्याध्यापकांना काय सांगायचं, तेही आलं. मी एक पान घेतलं, चांगलं, बिनठिपक्याचं. दगडापुढं उभी राहिले आणि इतक्या माणसांसमोर, सासऱ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाले, “मी सोमवारी मळ्यात गेले तेव्हा विटाळशी नव्हते. नागोबाची शपथ.”

खरंच नव्हते. शब्दन्‌शब्द खरा होता. पान दगडावर ठेवलं आणि सुटले बाई एकदाची, असं वाटलं. आमच्या ह्यांनीही सुस्कारा सोडला.

“बरं,” काका म्हणाले. “मग कोण?”

त्यावर मी विचारच केला नव्हता.

“सोमवारी पाणी कुणी पाजलं?”

पाणी काशव्वा पाजायची. मळ्यातल्या गड्याची बायको, चाळिशीची, कधी मान वर करून न बोलणारी. ती तिथंच होती, करंड्यांना ओलं फडकं गुंडाळत.

“काशव्वा, सोमवारी तूच हुतीस न्हवं आत?”

“व्हय, मालक.”

“मग ये इकडं. उचल पान.”

काशव्वा पुढं आली. दगडाजवळ उभी राहिली. हात मात्र वर येईना. दोन्ही हात तिनं पदरात गुंडाळून घेतले होते. खाली मातीवर टपटप पाणी पडलं तेव्हा मला कळलं की ती रडतीय.

“उचल की!”

“मालक,” एवढंच ती म्हणाली. मग नुसती मान हलवली, नाही म्हणून.

“बगा! सापडली!” काका गरजले. “दादा, हिचं नि हिच्या नवऱ्याचं उद्यापासून काम बंद. आणि गावातल्या कुठल्याबी मळ्यावर हिला घेऊ नका म्हणून सांगायचं.”

मी सूक्ष्मदर्शकाशेजारी उभी होते. हातात अजून बटाटा होता, वेड्यासारखा. बोलायला हवं होतं. आत्ताच तर सांगितलं होतं, रोग सावलीनं येत नाही. पण आता परत तेच म्हणायला माझी जीभ रेटेना. कुठल्या तोंडानं म्हणणार? दगडावर माझं पान पडलेलं होतं, सगळ्यांना दिसेल असं.

“तिला कशाला इचारताय? मला इचारा.”

आत्याबाई. त्या सकाळपासून मागं, शेवरीच्या बुंध्याशी बसून पानं निवडत होत्या. कुणाचं लक्षही नव्हतं. त्या उठल्या, लुगड्यावरची माती झटकली, अंगठ्यातली नखी काढली आणि नागोबाच्या दगडावर माझ्या पानाशेजारी ठेवली.

“तुला काय इचारायचं?” सासरे म्हणाले. “तू सुटलीस त्याला जमाना झाला.”

“सुटले न्हवते.”

“आँ?”

“सुटले न्हवते म्हणते. आपली धाकटी सुमी झाली, तवा आठवतंय का? गडी मिळत न्हवते. पानं वेलावरच पिवळी पडाय लागली हुती. मी चार दिस बाजूला बसले की चार दिसाची खुडणी बुडायची, आणि तुम्ही कपाळाला हात लावून बसायचा. तवा म्हटलं, सुटले. सगळ्यांनी मानलं. एवढ्या तरण्या बाईचं कसं काय सुटलं, एकानं इचारलं न्हाई. तुम्हीबी न्हाई.”

मला एकदम गोठ्यातल्या पोत्यामागं वाळत घातलेली जुनी फडकी आठवली. लग्न होऊन आले तेव्हा बघितली होती. बैलांना पुसायची असतील, असं मला वाटलं होतं. बाई असून!

“वैनी, काय बोलताय काय!” काका म्हणाले.

“खरी सुटले ती गेल्या दिवाळीला. तवर एक महिना चुकला न्हाई, आणि एक खुडणी चुकली न्हाई. सांगा भावजी, ह्या सगळ्या वर्षांत कुठला वेल करपला? मिरजेत तुमच्या पानाला भाव कुणाच्या हातानं आला?” त्यांचा आवाज चढला नव्हता. भाकरीला पीठ किती घेतलं, ते सांगावं तसं बोलत होत्या. “नागोबालाबी पाणी मीच घालत हुते, तसलीच. त्याला राग आला असता तर तो मलाच डसला असता. त्याला न्हाई, मग तुमास्नी कशाला राग?”

सगळे पुरुष कुठं ना कुठं बघत होते, झाडाकडे, पायांकडे, करंड्यांकडे. एकमेकांकडे कुणी बघत नव्हतं. सासऱ्यांची तर फार वाईट अवस्था झाली. बायकोकडं बघवेना, भावाकडं बघवेना, पोटच्या पोराकडं तर नाहीच. शेवटी ते वळले आणि सूक्ष्मदर्शकावर वाकले. तेवढीच एक जागा होती, तोंड लपवायला.

ते तसेच राहिले. कितीतरी वेळ. मला वाटलं, रडतायत का काय.

“धूर निघतोय,” ते एकदम म्हणाले. आवाज घोगरा होता.

“काय?”

“पानातनं. कापल्याल्या कडेनं. चुलीतनं निघावा तसा धूर निघतोय, पाण्यात.”

“तेच ते, मामा,” मी कशीबशी म्हणाले. “तेच जंतू.”

त्यांनी डोळा काढला नाही. तसंच वाकून ते म्हणाले, “रामा, नव्या बेण्याची ओळ उपटून जाळ. आजच. काशव्वा, जा, पाणी बघ जा तू.”

काशव्वानं डोळे पुसले. नागोबाला हात जोडले, मग आत्याबाईंच्या पायांना हात लावला आणि आत गेली. माझ्या अंगावरून गेली, पण माझ्याकडे तिनं बघितलं नाही. काका चप्पल पायात सरकवून तरातरा निघून गेले. जमलेले एकेक करून पांगले. सासरे त्या दिवशी दुपारी जेवायला आले नाहीत.

संध्याकाळी मी परसात गेले तर आत्याबाई चुलीवर पाणी उकळत होत्या. पातेल्यात घरातल्या सगळ्या नख्या.

“उकळून घ्यायच्या म्हणालीस न्हवं?”

“मी उकळायचं नव्हते म्हणाले. पण चालेल. चांगलंच आहे.”

“मग बस.”

मी बसले. त्या जाळ सारखा करत होत्या. मला त्यांचे पाय धरायचे होते, खूप काही बोलायचं होतं. शेवटी त्याच बोलल्या.

“गिरिजा, पान उचललंस कशाला गं?”

“खोटं नव्हतं हो, आत्याबाई. तुमची शप्पथ. त्या दिवशी खरंच मी...”

“तेच म्हणते मी. खरं हुतं म्हणून उचललंस.” त्यांनी चिमट्यानं एक नखी वर काढली, निथळू दिली. “खोटं असतं तर?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळी पुरुषांसमोर वाटली ती लाज काहीच नव्हती. आत्याबाईंजवळ ना बी.एस्सी. होती, ना काचा, ना पानाच्या आतल्या घराची माहिती. मी सगळं शिकून, सगळं समजावून सांगून, शेवटी ‘मी तसली नव्हते’ एवढंच म्हणून बाजूला झाले होते. आणि माझ्या त्या खऱ्या शपथेनं काशव्वा दगडापुढं उभी राहिली होती. त्या मात्र सगळ्या गावासमोर ‘मी तसलीच हुते’ म्हणाल्या.

त्या रागावल्या नव्हत्या. तेच तर सोसवेना. म्हणाल्या, “ऊठ, भाकऱ्या थापायच्या हायत.”

मळा हळूहळू सावरला. रोगाची पानं उचलून जाळली, पाणी सकाळीच द्यायला लागलो. गावात आत्याबाईंबद्दल बरंच बोललं गेलं. चार बाया महिनाभर घरी आल्या नाहीत. त्यातल्या दोघी एके दुपारी मागच्या दारानं आल्या, आत्याबाईंशी काहीतरी कुजबुजल्या आणि हसत हसत गेल्या. सासरे त्या दिवसानंतर बायकोशी बोलताना जरा अडखळायचे. पान खुडायला मात्र त्यांनी दुसरं माणूस लावलं नाही.

पुढच्या महिन्यात एकदा शाळेतून परत येत होते. पाय आपसूक मळ्याची वाट टाळून वळले होते, कारण माझे बाजूला बसायचे दिवस होते. आतून खुटखुट ऐकू येत होती. बांधावर काका बसले होते, सुपारी कातरत.

“गिरिजा!” आतून हाक आली. “एक घागर पाणी आण गं. घसा सुकलाय.”

मी थबकले. काकांनी अडकित्ता थांबवून माझ्याकडे बघितलं.

“आत्याबाई,” मी म्हटलं. मग होतं नव्हतं तेवढं बळ आणून मोठ्यानं म्हणाले, “मी आज बसलेय.”

खुटखुट थांबली नाही.

“ते मी इचारलं का? पाणी आण म्हटलं.”

लाज वाटत होती, काकांची नाही, एवढा उशीर झाल्याची. विहिरीवरून घागर भरली, कमरेवर घेतली. काका बघत होते. मी घागर टेकवून नागोबाला हात जोडले, चप्पल काढली आणि घागर घेऊन आत गेले.